मलमाच्या आधी निदान : घोड्यांच्या त्वचाविकारांवर वाचकांचे प्रश्न

या खेपेस आलेली बरीच पत्रे घोड्यांच्या त्वचेविषयी आहेत. तक्रारी निरनिराळ्या असल्या, तरी जवळजवळ प्रत्येक पत्रात एक वाक्य सारखे आढळते : मलम लावले, थोडा उतार पडला आणि नंतर पुन्हा वाढले. घोड्याच्या त्वचेपाशी तक्रार सांगण्याचे मार्ग मोजकेच असतात. केस झडणे, खाज, खपली, सूज, गाठ किंवा व्रण यांतलेच काहीतरी वर दिसते, मग आत बुरशी असो, जिवाणू असो, माशीच्या चाव्याचे वावडे असो की अर्बुद, म्हणजे पेशींच्या बेसुमार वाढीची गाठ, असो. म्हणून नुसत्या नजरेने केलेले निदान अनुभवी पशुवैद्यकाच्या हातूनही चुकू शकते. खालील उत्तरांत औषधांच्या नावांपेक्षा तपासणीवर अधिक भर दिला आहे, तो याच कारणाने. औषधाची मात्रा आणि मुदत मात्र घोडा प्रत्यक्ष पाहणाऱ्या पशुवैद्यकानेच ठरवावी.

प्रश्न : माझ्या तीन वर्षांच्या घोड्याच्या खांद्यावर आणि तंगाच्या पट्ट्याखाली गोल चट्टे पडून केस गेले आहेत. खाज फारशी दिसत नाही. औषधाच्या दुकानातून आणलेले मलम लावल्यावर लाली कमी झाली, पण चट्टे पसरले. आता शेजारच्या ठाणावरील शिंगराला आणि मोतद्दाराच्या मनगटावरही तसेच चट्टे आले आहेत. हे गजकर्ण आहे का?

उत्तर : आपण दिलेल्या वर्णनावरून गजकर्णाचा, म्हणजे बुरशीच्या संसर्गाचा, संशय बळकट आहे. वय लहान, चट्ट्यांची जागा खोगीर व तंग घासण्याची, संसर्ग शेजारच्या जनावरापर्यंत व माणसापर्यंत पोहोचलेला, ही सारी लक्षणे त्याच दिशेला बोट दाखवतात. घोड्यात हा रोग बहुतांशी ट्रायकोफायटॉन इक्विनम या बुरशीमुळे होतो. मायक्रोस्पोरम गटातील जाती आणि गुरांकडून येणारी ट्रायकोफायटॉन व्हेरुकोसम याही सापडतात. मलमाने लाली कमी होऊन चट्टे पसरले, हा तपशील मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. दुकानात सहज मिळणाऱ्या मिश्र मलमांत अनेकदा स्टिरॉइड असते. ते दाह दाबते, त्यामुळे त्वचा शांत झाल्यासारखी वाटते, परंतु बुरशीला रोखणारी शरीराची प्रतिक्रियाही त्याच्यामुळे मंदावते. मलमाच्या वेष्टनावरील घटक वाचून पाहावेत आणि त्यात स्टिरॉइड असल्यास ते तत्काळ बंद करावे.

निदान नक्की करण्यासाठी नमुना कसा घेतला जातो, हे आपण समजून घेतल्यास पशुवैद्यकाला साह्य करता येईल. चट्ट्याच्या मध्यभागी बुरशी बहुधा मरत आलेली असते. ती जोमात असते ती कडेला, जिथे तुटके, निस्तेज केस दिसतात. ती कड प्रथम अल्कोहोलने हलकेच पुसून कोरडी होऊ द्यायची, म्हणजे धुळीतील निरुपद्रवी बुरशा कमी होतात. नंतर चिमट्याने केस मुळासकट, वाढीच्या दिशेने उपटायचे आणि थोडा कोंडा खरवडून कागदाच्या कोरड्या पाकिटात ठेवायचा. प्लास्टिकच्या बंद पिशवीत ओल धरून इतर बुरशा माजतात, म्हणून ती टाळावी. पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात असा केस सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला असता त्याच्या बाहेरील बाजूस बीजाणूंचा थर दिसू शकतो. तो दिसला नाही म्हणून रोग नाही, असे मात्र ठरत नाही. प्रयोगशाळेत बुरशी पोषक माध्यमावर वाढवून पाहणे ही खरी खात्री. तिथेही एक बारकावा आहे. ट्रायकोफायटॉन इक्विनमच्या वाढीला निकोटिनिक आम्ल लागते, म्हणून नमुना घोड्याचा आहे हे प्रयोगशाळेला आवर्जून कळवावे, नाहीतर माध्यमावर काहीच उगवत नाही आणि ‘बुरशी नाही’ असा चुकीचा अहवाल येतो. जांभळ्या प्रकाशाच्या वूड दिव्याखाली चट्टा चमकतो का, हे पाहण्याची पद्धत आहे; परंतु तो गुण मायक्रोस्पोरमच्या काही जातींपुरता आहे, ट्रायकोफायटॉन चमकत नाही.

निरोगी घोड्यात हा रोग साधारण एक ते तीन महिन्यांत आपोआप बरा होतो. मग उपचार कशासाठी, असे वाटणे स्वाभाविक आहे. उपचाराने रोगाची मुदत कमी होऊ शकते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे बीजाणूंची पेरणी थांबते. एनिलकोनाझोलचे ०.२ टक्के द्रावण तीन-चार दिवसांच्या अंतराने चार वेळा सर्वांगाला लावणे, किंवा दोन टक्के लाइम सल्फर, किंवा मायकोनाझोल व क्लोरहेक्सिडीन असलेला शाम्पू हे नेहमीचे पर्याय आहेत. केवळ चट्ट्यापुरते औषध लावणे अपुरे पडते, कारण चांगल्या दिसणाऱ्या केसांवरही बीजाणू असतात. पोटातून देण्याचे ग्रिसिओफल्विन क्वचितच लागते, आणि गर्भाला अपाय होण्याच्या भीतीमुळे ते गाभण घोडीला कधीही देऊ नये.

खरारा, ब्रश, झूल, मोहरकी, खोगिराखालचे कापड हे प्रत्येक घोड्याचे वेगळे ठेवावे. बीजाणू लाकडावर आणि कापडावर कित्येक महिने, कधी त्याहूनही अधिक काळ, टिकतात. आधी मळ व केस धुऊन काढावेत आणि मगच सोडियम हायपोक्लोराइटचे पातळ द्रावण वापरावे. मळावर ओतलेले जंतुनाशक निकामी होते. बाधित घोड्याची देखभाल सर्वांत शेवटी, हातमोजे घालून करावी. मोतद्दाराने माणसांच्या त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावे आणि घोड्याची हकीकत सांगावी.

प्रश्न : आमची घोडी दिवसरात्र मोकळ्या कुरणात असते. सलग पावसानंतर तिच्या पाठीवर व पुठ्ठ्यावर केसांचे झुपके घट्ट खपल्यांत चिकटले आहेत. हात लावला की ती अंग चोरते. खपल्या ओढून काढाव्यात, असे एकाने सांगितले, तर दुसऱ्याने तेल चोपडायला सांगितले. काय करावे?

उत्तर : तेल लावू नये; खपल्या कोरड्या असताना ओढू नयेत.

हा बहुधा डर्मॅटोफायलस कॉन्गोलेन्सिस या जिवाणूचा संसर्ग आहे. बेल्जियन काँगोमधील गुरांवरून १९१५ मध्ये त्याचे पहिले वर्णन झाले, म्हणून हे नाव. जिवाणू त्वचेवर शिरकाव करतो तो दोन गोष्टी एकत्र आल्यावर : ती बराच वेळ भिजून मऊ झालेली असणे, आणि तिला माशीच्या चाव्याने, काट्याने किंवा घासल्याने बारीकशी इजा झालेली असणे. कोरड्या खपलीत तो दीर्घकाळ सुप्त राहतो आणि पाणी लागताच हालचाल करणारे बीजाणू बाहेर सोडतो. त्यामुळे ओढून काढलेल्या खपल्या कुरणात किंवा ठाणावर टाकणे म्हणजे पुढच्या पावसाची बेगमी करून ठेवणे होय. त्या गोळा करून नष्ट कराव्यात.

एखादी ताजी खपली अलगद सुटून आली, तर ती उलटून पाहावी. खालची बाजू खोलगट व ओलसर असते, तिच्यावर पिवळसर किंवा हिरवट पू दिसू शकतो, आणि केसांची मुळे आरपार येऊन खपलीसह तो झुपका रंगाच्या कुंचल्यासारखा दिसतो. याच खालच्या बाजूची काचपट्टी बनवून रंगवली असता समांतर ओळींत मांडलेल्या गोल पेशींच्या फांद्याफांद्यांच्या साखळ्या दिसतात, आणि त्या दिसल्या की निदानाविषयी शंका उरत नाही. तपासणी काही मिनिटांची आहे आणि ती ठाणावरही करता येते; ती टाळण्याला मला काही सबब दिसत नाही.

उपचारातला मोठा वाटा कोरडेपणाचा आहे. घोडीला छपराखाली कोरड्या जागी आणावे, वारा आणि कोवळे ऊन मिळू द्यावे, ओल्या अंगावर पाणी न झिरपणारी झूल घालू नये. दोन ते चार टक्के क्लोरहेक्सिडीनच्या शाम्पूने बाधित भाग धुऊन फेस दहा मिनिटे तसाच ठेवावा, मग स्वच्छ पाण्याने धुऊन पूर्ण कोरडे करावे. सुरुवातीस काही दिवस रोज, नंतर आठवड्यातून दोनदा एवढे पुरते. शाम्पूने मऊ पडलेल्या खपल्या विनासायास निघतील तेवढ्याच काढाव्यात, कारण चिकटलेली खपली ओढल्याने वेदना होतात आणि खालची त्वचा पुन्हा उघडी पडते. तेल किंवा तेलकट मलम ओल आत कोंडून ठेवते, जे या जिवाणूला हवेच असते. कोरड्या जागेत बहुतेक घोडे सुमारे महिनाभरात सुधारतात. रोग फार पसरला असेल किंवा ताप असेल, तर पशुवैद्यक पेनिसिलिनसारखे प्रतिजैविक देतील.

एक सावधगिरी. खपल्या पाठीऐवजी चेहऱ्यापासून आणि पायांपासून सुरू झाल्या असतील, पाय व पोट सुजले असेल, घोडी सुस्त असेल आणि योग्य उपचारानेही फरक पडत नसेल, तर पेम्फिगस फोलिएशस या स्वप्रतिकारक रोगाचा, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच त्वचेवर उलटण्याचा, विचार करावा लागतो. त्याचे निदान बायोप्सीनेच, म्हणजे त्वचेचा तुकडा काढून तपासूनच, होते, आणि त्यासाठी त्वचा धुऊन घासून ‘स्वच्छ’ करायची नसते. खपलीसकट तुकडा घ्यावा लागतो, कारण रोगाची खूण खपलीतच असते.

प्रश्न : आमचा सहा वर्षांचा घोडा ठरावीक ऋतूत आयाळ आणि शेपटीचे मूळ खांबाला घासून रक्तबंबाळ करतो. थंडीत सारे ठीक होते. हे तिसरे वर्ष असून त्रास दरवर्षी वाढतो आहे. त्याच तबेल्यातील बाकी घोड्यांना काही होत नाही. जंत असतील म्हणून औषध दिले, उपयोग झाला नाही.

उत्तर : ऋतूनुसार येणारी, आयाळ व शेपटीच्या मुळाशी एकवटलेली, वर्षागणिक वाढणारी आणि कळपातल्या एखाद्यालाच होणारी खाज हे कीटकांच्या चाव्याच्या वावड्याचे नमुनेदार चित्र आहे. दोषी असते ती मुख्यतः क्युलिकॉइडिस नावाची, एक ते तीन मिलिमीटर लांबीची चावरी चिलटे. त्यांच्या लाळेतील प्रथिनांविरुद्ध काही घोड्यांचे शरीर अतिरेकी प्रतिक्रिया देते. ही प्रवृत्ती अंशतः आनुवंशिक असते, म्हणून अशा घोड्यांची पैदास करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आइसलँडचे घोडे या बाबतीत फार बोलके उदाहरण आहेत. त्या बेटावर ही चिलटे पूर्वापार नाहीत. तिथे वाढून मग युरोपच्या मुख्य भूमीवर नेलेल्या घोड्यांना हा विकार मोठ्या प्रमाणात जडतो, तर त्याच जातीच्या पण मुख्य भूमीवरच जन्मलेल्या घोड्यांत तो बराच कमी आढळतो. लहानपणी शरीराची या चाव्यांशी झालेली ओळख संरक्षक ठरत असावी, असा त्याचा अर्थ लावला जातो.

तरीही आधी इतर कारणे बाजूला सारली पाहिजेत, आणि त्यातले पहिले आपण म्हणता तेच आहे, पण वेगळ्या तपासणीने. शेपटीचे मूळ घासायला लावणारा जंत म्हणजे ऑक्सियुरिस इक्वाय. त्याची मादी गुदद्वाराबाहेर येऊन त्वचेवर अंडी चिकटवते, त्यामुळे लिदीच्या नेहमीच्या तपासणीत ती बहुधा सापडतच नाहीत. सकाळी, तो भाग धुण्याआधी, पारदर्शक चिकटपट्टी गुदद्वाराभोवतीच्या त्वचेवर दाबून ती काचपट्टीवर चिकटवावी आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी; एका बाजूने चपटी, टोकाला बूच असलेली अंडी दिसतात. या जंताला मात्र ऋतूचे बंधन नसते आणि तो आयाळ घासायला लावत नाही. आयाळ व शेपटीचे लांब केस बाजूला सारून भरपूर उजेडात उवा व त्यांची अंडीही शोधावीत. उवा थंडीच्या अखेरीस, केस दाट असताना अधिक आढळतात, म्हणजे आपल्या घोड्याच्या ऋतुक्रमाच्या उलट.

उपचाराचा गाभा एकच : चिलटे चावणार नाहीत, अशी व्यवस्था. ही चिलटे संध्याकाळी आणि पहाटे सर्वाधिक चावतात, तेव्हा त्या दोन्ही वेळी घोडा आत असावा. ती उडण्यात दुबळी असल्याने ठाणात जोरदार पंखा लावल्यास मोठाच फरक पडतो. खिडक्यांची जाळी अतिशय बारीक विणीची हवी, डासांच्या साध्या जाळीतून ती आरपार येतात. चिखल, साचलेले पाणी, कुजता पाला आणि लिदीचे ढीग ही त्यांची वाढण्याची ठिकाणे, म्हणून घोडा त्यांपासून शक्य तेवढा दूर ठेवावा. मान, पोट आणि शेपटीचे मूळ झाकणारी बारीक विणीची झूल अनेक घोड्यांना औषधापेक्षा अधिक उपयोगी पडते. जोडीला घोड्यांसाठीच बनवलेले परमेथ्रिन हे कीटकनाशक वापरता येते. हे सारे खाज सुरू होण्याआधी, ऋतूच्या तोंडावर सुरू करायला हवे. त्वचा एकदा जाड व सुरकुतलेली झाली, की तिला पूर्ववत होण्यास फार वेळ लागतो.

खाज असह्य असेल तेव्हा पशुवैद्यक थोड्या मुदतीसाठी स्टिरॉइड देतात. इथे दोन गोष्टी ध्यानात असाव्यात. पोटातून द्यायचे असेल तर प्रेडनिसोलोन द्यावे; प्रेडनिसोन घोड्याच्या शरीरात नीट शोषले जात नाही व त्याचे कार्यक्षम रूपात पुरेसे परिवर्तनही होत नाही, त्यामुळे नावे जवळची असली तरी परिणाम जवळचा नाही. दुसरे, स्टिरॉइडमुळे खुरांचा दाह, म्हणजे लॅमिनायटिस, होण्याचा धोका संभवतो. घोडा लठ्ठ असेल, पूर्वी खुरांचा त्रास झाला असेल, किंवा वयस्क असून त्याचे लांब केस ऋतू पालटूनही झडत नसतील, तर ते आधीच सांगावे. खाजविरोधी अँटिहिस्टामिन गोळ्यांचा गुण घोड्याघोड्यागणिक बदलतो. काहींना त्या लागू पडतात, पुष्कळांना पडत नाहीत. शर्यतीत किंवा स्पर्धेत उतरणाऱ्या घोड्यासाठी यातील बरीच औषधे प्रतिबंधित असतात, तेव्हा औषध थांबवण्याची मुदत लेखी विचारून घ्यावी.

प्रश्न : पायांवर दाट लांब केस असलेली आमची घोडी सारखी पाय आपटते आणि घोट्यामागे खपल्या पडल्या आहेत. गुरांच्या व कुत्र्यांच्या गोचिडांवर वापरतो ते द्रावण लावले तर चालेल का? आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शनही घरात आहे.

उत्तर : कृपया दोन्ही वापरू नये. कुत्र्यांच्या व गुरांच्या गोचिडांवरील पुष्कळ द्रावणांत अमित्राझ हे गोचीडनाशक असते. घोड्यात ते आतड्यांची हालचाल मंदावते आणि त्यातून आतडे तुंबून प्राणघातक पोटशूळ होऊ शकतो. गुरांसाठीच्या आयव्हरमेक्टिन या जंतनाशकाच्या इंजेक्शनाने टोचलेल्या जागी क्लॉस्ट्रिडियम जिवाणूंचा गंभीर संसर्ग झाल्याची उदाहरणे पशुवैद्यकशास्त्रात नोंदलेली आहेत. घोड्यासाठी ते औषध तोंडावाटे देण्याच्या रूपात मिळते.

लांब केस, पाय आपटणे आणि घोट्यामागच्या खपल्या या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या, की कोरिऑप्टिस या किडीचा शोध घ्यायलाच हवा. केस कापून त्वचेवरचा कोंडा काचपट्टीवर खरवडला, की ती मंद भिंगाखालीही चालताना दिसते. ती त्वचेच्या पृष्ठभागावरचा कचरा खाते, रक्त पीत नाही, म्हणून पोटातून दिलेले आयव्हरमेक्टिन तिच्यावर अपुरे पडते. केस आखूड कापून लाइम सल्फर किंवा पशुवैद्यकाने सुचवलेले वरून लावायचे औषध पुन्हा पुन्हा द्यावे लागते. तिचे जीवनचक्र सुमारे तीन आठवड्यांचे असल्याने एका फवारणीवर थांबू नये, आणि गवताचा बिछानाही बदलावा. कीड सापडली नाही, तर चिखल, ओल आणि जिवाणू यांचा विचार करावा. पाय रोज धुऊन ओले ठेवण्याची सवय तेव्हा रोगाला मदतच करते. चिखल वाळू द्यावा आणि मग मऊ ब्रशने झाडून काढावा. जखम फक्त पांढऱ्या पायावर, तीही उन्हाच्या बाजूला आणि फार दुखरी असेल, तर तो रक्तवाहिन्यांचा दाह असू शकतो आणि त्याचे निदान बायोप्सीशिवाय होत नाही.

प्रश्न : माशांच्या दिवसांत घोड्याच्या डोळ्याच्या आतील कोपऱ्यात एक जखम झाली. ती भरून येण्याऐवजी मांसासारखी फुगत चालली आहे. रोज जंतुनाशक लावतो. गेल्या वर्षीही अशीच जखम झाली होती आणि थंडीत सुकली.

उत्तर : ऋतूबरोबर येणारी आणि थंडीत सुकणारी अशी जखम पाहिली की प्रथम हॅब्रोनिमाचा संशय घ्यावा. जुन्या घोडेवाल्यांच्या तोंडी तिला बरसाती असे नाव आहे. हॅब्रोनिमा आणि ड्रॅशिया हे घोड्याच्या जठरात राहणारे जंत आहेत. त्यांच्या अळ्या लिदीतून घरमाशीच्या व तबेल्यातील चावऱ्या माशीच्या अळ्यांत शिरतात, माशीबरोबर वाढतात, आणि ती माशी ओलसर जागेवर बसली की तिथे उतरतात. ओठांवर उतरलेल्या गिळल्या जाऊन जठरात प्रौढ होतात. डोळ्याचा कोपरा, जननेंद्रियाची त्वचा किंवा पायावरची जखम इथे उतरलेल्या मात्र वाट चुकलेल्या असतात; त्या पुढे वाढू शकत नाहीत, पण भोवतालच्या ऊतीत तीव्र दाह उत्पन्न करतात. फुगलेल्या मांसातून पिवळसर, कठीण कण निघणे ही तिची खूण आहे. जंतुनाशकाने अळी मरत नाही, म्हणून आपले रोजचे कष्ट वाया जात आहेत.

मात्र नेमकी याच जागी, नेमके असेच दिसणारे, दोन अधिक गंभीर रोग होतात : सारकॉइड आणि स्क्वेमस पेशींचा कर्करोग. दुसऱ्याचा धोका डोळ्याभोवतीची त्वचा गुलाबी, रंगहीन असलेल्या घोड्यांत अधिक. तेव्हा थंडीत सुकेल म्हणून यंदा वाट पाहू नये. पशुवैद्यकाकडून तुकडा तपासून घ्यावा. हॅब्रोनिमा ठरल्यास तोंडावाटे आयव्हरमेक्टिन, शरीरभाराच्या दर किलोमागे ०.२ मिलिग्रॅम, हा मुख्य उपचार आहे. दाह फार असल्यास त्याला स्टिरॉइडची जोड लागते, आणि वाढलेले मांस कधी कापावेही लागते. जखमेवर माशी बसू नये म्हणून चेहऱ्यावर जाळीची टोपी घालणे आणि लीद रोज उचलून दूर टाकणे याशिवाय पुढील वर्षी तीच कहाणी होईल.

सारकॉइडविषयी थोडे अधिक लिहितो, कारण घोड्याच्या त्वचेचे सर्वाधिक आढळणारे अर्बुद तेच आहे. गुरांतील पॅपिलोमा विषाणूंशी, मुख्यतः पहिल्या व दुसऱ्या प्रकाराशी, त्याचा संबंध आहे. ते शरीरात इतरत्र क्वचितच पसरते, परंतु आहे तिथे हट्टाने वाढते. त्याचा एक प्रकार तर केस गेलेल्या साध्या, खरबरीत चट्ट्यासारखा दिसतो आणि महिनोन्‌महिने गजकर्ण समजून त्यावर मलमे लावली जातात. तीन महिन्यांत न भरलेला, इतर कोणाला न लागलेला ‘गजकर्णाचा’ चट्टा सारकॉइड असू शकतो, असे धरून चालावे. अशा चट्ट्याला विनाकारण खरवडू नये, कारण डिवचल्यावर शांत सारकॉइड आक्रमक होऊ शकते. याच भीतीमुळे बायोप्सीचा निर्णयही, निदानानंतर लगेच उपचार करण्याची तयारी असेल तेव्हाच घ्यावा. शीतशस्त्रक्रिया, लेझर किंवा अर्बुदात टोचायची औषधे यांतून निवड जागा व आकार पाहून होते. एकच उपाय सर्वांना लागू पडत नाही.

प्रश्न : आमच्या पांढऱ्या घोडीच्या शेपटीखाली काळ्या, टणक गाठी आल्या आहेत. तिला काही त्रास नाही. त्या काढाव्यात का?

उत्तर : जन्मतः गडद असून वयाबरोबर पांढऱ्या होत गेलेल्या घोड्यांत अशा गाठी बहुधा मेलॅनोमाच्या, म्हणजे त्वचेच्या रंगद्रव्य-पेशींच्या अर्बुदाच्या, असतात. हा रंगबदल घडवणाऱ्या जनुकीय दोषाचा, एसटीएक्स १७ या जनुकातील डीएनएच्या सुमारे ४,६०० अक्षरांच्या तुकड्याच्या द्विरुक्तीचा, शोध २००८ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि तीच द्विरुक्ती मेलॅनोमाची प्रवृत्तीही वाढवते. पंधरा वर्षांवरील अशा घोड्यांपैकी बहुसंख्य घोड्यांत कुठे ना कुठे या गाठी सापडतात. त्यांची वाढ बहुधा मंद असते, पण ती निरुपद्रवी म्हणून सोडून देण्याचा जुना सल्ला मला पटत नाही. लहान गाठ काढणे सोपे असते. लीद टाकण्यास अडथळा करणारी, फुटून वाहणारी मोठी गाठ काढणे अवघड. त्यांची मापे लिहून ठेवावीत, छायाचित्रे काढावीत, आणि शस्त्रक्रियेविषयी पशुवैद्यकाशी आताच बोलावे. ओठ, कानाखालचा भाग आणि लगामाची जागा हेही चाचपून पाहावे.

प्रश्न : घोड्याच्या कपाळावरचा व नाकावरचा पांढरा पट्टा आणि दोन पांढरे पाय लाल होऊन सोलवटले आहेत. बाकी गडद त्वचेला काहीच नाही. साधा उन्हाचा चटका समजावा का?

उत्तर : साधा चटका असू शकतो, पण तसे समजून थांबू नये. एवढ्या काटेकोरपणे फक्त पांढरे भाग सोलवटतात, तेव्हा त्वचेत प्रकाशाला भडकवणारा एखादा पदार्थ साठला आहे का, हे पाहावे लागते. तो पदार्थ दोन वाटांनी येतो. सेंट जॉन्स वर्टसारखी काही झाडे खाल्ल्याने तो थेट येतो. दुसरी वाट अधिक काळजीची आहे. हिरव्या चाऱ्यातील हरितद्रव्यापासून आतड्यात फायलोएरिथ्रिन तयार होते, निरोगी यकृत ते पित्तावाटे बाहेर टाकते, आणि यकृत बिघडले की ते रक्तातून त्वचेत पोहोचते. म्हणजे त्वचेवर दिसणारी जखम मुळात यकृताची असते. सेनेशियो किंवा खुळखुळ्याच्या कुळातील काही विषारी झाडे चाऱ्यात आली असतील, तर यकृताची हानी ती खाल्ल्यानंतर कित्येक आठवड्यांनी किंवा महिन्यांनी दिसू शकते. म्हणून आजचाच चारा पाहून भागत नाही, जुन्या गंजीतला चाराही तपासावा.

यकृताची स्थिती कळण्यासाठी रक्तातील जीजीटी हे यकृताचे विकर आणि पित्ताम्ले यांची तपासणी करून घ्यावी. केवळ बिलिरुबिन या पित्तातील पिवळ्या रंगद्रव्यावर विसंबू नये, कारण घोडा एक-दोन दिवस नीट खात नसला, तरी यकृत ठणठणीत असताना बिलिरुबिन वाढते. अहवाल येईपर्यंत घोडा दिवसा पूर्ण सावलीत ठेवावा, संशयित चारा बंद करावा आणि सोलवटलेल्या भागावर माशी बसू देऊ नये. वजन घटणे, डोळ्यांची पिवळी झाक, भिंतीला डोके टेकून उभे राहणे यांतले काही दिसल्यास त्याच दिवशी पशुवैद्यकाला बोलवावे.

प्रश्न : इंजेक्शननंतर काही तासांत घोड्याच्या मानेवर व बरगड्यांवर गांध्या उठल्या. दुसऱ्या दिवशी मावळल्या. काळजी करावी का?

उत्तर : बोटाने दाबल्यावर खळगा पडणाऱ्या आणि एक-दोन दिवसांत विरून जाणाऱ्या अशा गांध्या म्हणजे पित्त उठणे, म्हणजे वावड्याची प्रतिक्रिया. औषधांत पेनिसिलिन हे तिचे नेहमीचे कारण आहे. कीटकांचे चावे आणि क्वचित खाद्यातील एखादा घटकही कारणीभूत ठरतो. या खेपेस त्या आपोआप मावळल्या, तरी तेच औषध पुन्हा दिल्यास प्रतिक्रिया अधिक तीव्र होऊन श्वास अडू शकतो. ओठ व नाकपुड्या सुजणे किंवा श्वासाला घरघर लागणे ही तातडीची अवस्था आहे. दिलेल्या औषधाचे नाव, मात्रा, वेळ आणि गांध्या उठल्याची वेळ घोड्याच्या आरोग्यनोंदीत ठळकपणे लिहावी, आणि ती नोंद घोडा पुढे ज्या पशुवैद्यकाकडे जाईल त्याच्यापर्यंत पोहोचेल, याची व्यवस्था करावी.